मनोऱ्यांच्या पायथ्याशी शहर हवे

अहमदाबादच्या जुन्या शहरातला माणेक चौक दिवसातून तीन वेळा आपले रूप पालटतो. सकाळी तेथे भाजीबाजार भरतो. दुपारी सराफांच्या पेढ्या गजबजतात, सोन्याचांदीचे सौदे होतात. रात्री पेढ्या बंद झाल्या की त्याच मोकळ्या जागेत खाद्यपदार्थांच्या गाड्या लागतात आणि उशिरापर्यंत कुटुंबेच्या कुटुंबे तेथे जेवताना दिसतात. चौकाभोवती पोळ, म्हणजे एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या घरांच्या गल्ल्या आहेत. १८९४ साली स्थापन झालेल्या अहमदाबाद शेअर बाजाराची जुनी वास्तूही याच परिसरातली. भाजी, सोने, समभाग, जेवण आणि निवास या पाचही गोष्टी चालत जाण्याच्या अंतरात नांदाव्यात, असा आराखडा तेथे कोणी काढला नव्हता. गरजेतून आणि सवयीतून ती व्यवस्था घडत गेली. २०१७ मध्ये युनेस्कोने या जुन्या शहराला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. असा मान मिळालेले ते भारतातले पहिले शहर.

याच साबरमतीच्या काठाने उत्तरेकडे गेले, की अहमदाबाद आणि गांधीनगर यांच्या दरम्यान ८८६ एकरांवर आखलेली गिफ्ट सिटी लागते. २०१५ पासून तेथे देशाचे पहिले आंतरराष्ट्रीय वित्तीय सेवा केंद्र कार्यरत आहे. २०२२ मध्ये सोन्याच्या आयातीसाठी आंतरराष्ट्रीय सराफा बाजारही तेथेच सुरू झाला. म्हणजे माणेक चौकातला दुपारचा व्यवहार आता काचेच्या मनोऱ्यातही होतो. फरक एवढाच की, संध्याकाळी कार्यालये सुटल्यावर येथील बहुतेक कर्मचारी अहमदाबाद वा गांधीनगरच्या वाटेला लागतात. सकाळची भाजी आणि रात्रीचे जेवण यांची सोय मनोरे उभे राहिल्यानंतर हळूहळू करावी लागते आहे.

या लेखाचा उद्देश गिफ्ट सिटीला नावे ठेवण्याचा नाही. भारतीय शहरांना क्वचितच लाभणारी दूरदृष्टी तेथे काही बाबतींत निश्चितच दिसते. रस्ता पुन:पुन्हा खोदावा लागू नये म्हणून वीज, पाणी आणि दूरसंचाराच्या वाहिन्या जमिनीखालच्या सेवा-बोगद्यातून नेल्या आहेत. प्रत्येक इमारतीने स्वतंत्र वातानुकूलन यंत्रणा बसवण्याऐवजी एका केंद्रातून थंड पाणी पुरवले जाते. सप्टेंबर २०२४ मध्ये मेट्रोही तेथवर पोहोचली. मात्र मूळ आराखड्यात बांधकामाचा सुमारे दोन तृतीयांश भाग व्यापारी वापरासाठी आणि पाचव्या हिश्शाहून थोडा अधिक भाग निवासासाठी होता, आणि प्रत्यक्षात आधी उभे राहिले ते कार्यालयांचे मनोरे. एकूण क्षेत्रापैकी २६१ एकर विशेष आर्थिक क्षेत्र आहे आणि अशा क्षेत्रांचा मुख्य भाग कायद्यानेच उद्योग-सेवांसाठी राखून ठेवलेला असतो. ज्या घटकामुळे ठिकाणाचे शहर होते, तो घटक क्रमाने शेवटी आला.

आता देशभरातील विकास प्राधिकरणे आणि बांधकाम व्यावसायिक ‘मिश्र वापराचे मनोरे’ या कल्पनेकडे उपाय म्हणून पाहू लागले आहेत. खाली दुकाने, मध्ये कार्यालये, वर घरे वा हॉटेल, अशी ही रचना. कल्पना उत्तमच आहे. परंतु ती नेमकी कशामुळे यशस्वी होते, याचा विचार न करता तिची नक्कल केली, तर एकाच इमारतीत तीन बंदिस्त वसाहती एकावर एक रचल्यासारखे होईल.

या कल्पनेचा आधुनिक इतिहास आपल्या उपखंडाशी जोडलेला आहे. फझलूर रहमान खान यांचा जन्म १९२९ साली ढाक्याचा. ते शिवपूरच्या बंगाल इंजिनीअरिंग कॉलेजात शिकत होते. दंगलींच्या वातावरणामुळे त्यांना ढाक्याला परतून पदवी पूर्ण करावी लागली. १९५२ मध्ये ते शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले आणि पुढे उंच इमारतींच्या बांधणीचे शास्त्रच त्यांनी बदलून टाकले. वास्तुविशारद ब्रूस ग्रॅहम यांच्यासह त्यांनी शिकागोत उभारलेला शंभर मजली जॉन हॅनकॉक मनोरा हा मिश्र वापराच्या गगनचुंबी इमारतींचा आद्य नमुना मानला जातो. १९६० च्या दशकात त्याची आखणी सुरू झाली तेव्हा घरांची एक आणि कार्यालयांची एक अशा दोन स्वतंत्र इमारतींचा विचार होता. पुढे त्या एकाच मनोऱ्यात सामावल्या गेल्या.

या मनोऱ्याचा वर निमुळता होत जाणारा आकार केवळ देखणेपणासाठी नव्हता. कार्यालयाला खोल मजला चालतो. मध्यभागी बसलेल्या कारकुनाचे काम दिव्याच्या उजेडात भागते. घराचे तसे नाही. प्रत्येक खोलीला खिडकी हवी, म्हणून घराचा मजला उथळ असावा लागतो. खाली रुंद मजल्यांवर दुकाने, वाहनतळ आणि कार्यालये, वर अरुंद मजल्यांवर सुमारे सातशे घरे, अशी विभागणी केली की इमारतीचा आकार आपोआप निमुळता होतो. बाहेरून दिसणाऱ्या तिरप्या पोलादी पट्ट्या वाऱ्याचा जोर पेलतात आणि आतली जागा खांबांपासून बरीचशी मोकळी राहते. ४४ व्या मजल्यावर लिफ्ट बदलण्याचा प्रशस्त कक्ष, पोहण्याचा तलाव आणि रहिवाशांसाठी किराणा दुकान ठेवले गेले. दूध आणण्यासाठी कोणाला शंभर मजले उतरावे लागू नयेत, इतका व्यावहारिक विचार त्यामागे होता.

तथापि, हॅनकॉक मनोऱ्याच्या यशाची एक बाजू आपल्याकडच्या चर्चेत हरवते. तो मनोरा मिशिगन अव्हेन्यूवर, आधीपासून नांदत्या रस्त्यावर उभा राहिला. दुकाने, पदपथ, बसगाड्या, शेजारची वस्ती हे सारे तेथे होतेच. आपल्याकडे मनोरा आधी येतो, त्याच्याभोवती कुंपण येते, आणि रस्ता म्हणजे केवळ मोटारींना आत-बाहेर करण्याची वाट उरते. गुरुग्राम, नोएडा वा हैदराबादच्या वित्तीय जिल्ह्यात दोन शेजारच्या इमारतींमध्ये पायी जाणे हेही अनेकदा दिव्य ठरते.

असे का झाले, याचे एक उत्तर आपल्या नगररचनेच्या इतिहासात आहे. १९३० च्या दशकारंभी पूर्ण झालेल्या दिल्लीच्या कनॉट प्लेसमध्ये खाली दुकाने आणि वर निवासस्थाने अशीच योजना होती. वसाहतकाळातल्या रचनाकारालाही बाजारावर राहणारी माणसे अनैसर्गिक वाटली नव्हती. स्वातंत्र्यानंतर, १९५७ मध्ये दिल्ली विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि १९६२ मध्ये दिल्लीचा पहिला बृहत् आराखडा लागू झाला. त्याने शहराची वापरानुसार विभागणी केली: येथे घरे, येथे उद्योग, येथे व्यापार. कारखान्यांचा धूर वस्तीपासून दूर ठेवण्यासाठी ही शिस्त आवश्यक होती. मात्र हिशेबनीसाचे कार्यालय, शिकवणीचा वर्ग आणि किराणा दुकान यांनाही तोच दंडक लागला. नेहरू प्लेस किंवा भिकाजी कामा प्लेस यांसारखी जिल्हा केंद्रे या विचारातून जन्मली. दिवसा तेथे पाय ठेवायला जागा नसते आणि रात्री तेथे थांबावेसे वाटत नाही.

नियम आणि जीवन यांच्यातली ही दरी २००६ मध्ये उघडी पडली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने दिल्लीतील निवासी भागांतल्या बेकायदा दुकानांना आणि कार्यालयांना टाळी लागू लागली. शहर अक्षरशः पेटले. अखेर शासनाला दोन हजारांहून अधिक रस्त्यांवर मिश्र वापर अधिसूचित करावा लागला आणि पुढल्या वर्षीच्या नव्या बृहत् आराखड्यात त्याला स्थान द्यावे लागले. आराखड्याने जे नाकारले होते, ते लोकांनी चार दशके आपल्या बळावर करून दाखवले होते. न्यायालयाने कायद्यावर बोट ठेवले, ते रास्तच होते. पण कायदाच वास्तवाकडे पाठ फिरवून बसला होता, हेही तितकेच खरे.

मिश्र वापराच्या मनोऱ्यांविषयी बांधकाम व्यावसायिक जे आक्षेप घेतात, ते ऐकून घेण्याजोगे आहेत. अशी इमारत महाग पडते. वाहनतळ, कार्यालय आणि घर यांना सोयीचे खांबांमधले अंतर सारखे नसते, म्हणून मध्येच भार एका खांबरचनेवरून दुसरीवर नेणारा जड मजला बांधावा लागतो. रहिवासी, कर्मचारी आणि ग्राहक यांच्यासाठी लिफ्ट, प्रवेशद्वारे आणि सुरक्षाव्यवस्था वेगळ्या ठेवाव्या लागतात. उपाहारगृहाचा धूर वरच्या बाळाच्या खोलीत जाऊ नये म्हणून स्वतंत्र धुराडे न्यावे लागते. कार्यालयात माणशी दिवसाला ४५ लिटर पाणी गृहीत धरले जाते. घरात ते १३५ लिटर लागते. त्याखेरीज घर विकत घेणारा आणि कार्यालय भाड्याने घेणारा या दोघांच्या बाजाराचे चढउतार वेगळे असतात.

आग हा त्याहून गंभीर विषय आहे. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात लागलेल्या आगीत ५९ जणांचा जीव गेला. चित्रपटगृह, कार्यालये, वाहनतळ आणि विजेचे रोहित्र हे सारे एकाच इमारतीत होते. रोहित्रातून सुरू झालेली आग खालच्या मोटारींपर्यंत पोहोचली आणि धूर वर प्रेक्षागृहात शिरला. वापर मिसळताना आगीचे मार्ग मात्र कठोरपणे वेगळे ठेवावे लागतात, हा त्या दुर्घटनेचा धडा आहे. २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत २४ मीटरपेक्षा उंच इमारतींसाठी आश्रय-जागा, वेगवेगळ्या वापरांमध्ये अग्निरोधक विलगीकरण आणि सुटकेचे जिने यांची तरतूद आहे. पण संहितेचे पालन ज्यांनी तपासायचे, ती अग्निशमन सेवा राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीनुसार नगरपालिकांकडे सोपवण्याजोग्या विषयांत येते, आणि नगरपालिकांच्या तिजोरीची स्थिती सर्वांना ठाऊक आहे. मनोऱ्याची उंची मंजूर करणाऱ्या हाताने त्या उंचीपर्यंत पोहोचणारी शिडी आणि ती चालवणारी माणसे यांचीही तरतूद करायला हवी.

हे सारे मान्य करूनही मिश्र वापराचे पारडे जड राहते. कार्यालयाची विजेची गरज दुपारी शिगेला पोहोचते, घराची संध्याकाळनंतर. एकच यंत्रणा दोघांना पुरू शकते. घरांतून निघालेले सांडपाणी शुद्ध करून कार्यालयांच्या शीतन मनोऱ्यांना देता येते. दिवसा कर्मचाऱ्यांच्या मोटारी जेथे उभ्या राहतात, तेथे रात्री रहिवाशांच्या राहू शकतात. सर्वांत मोठी बचत प्रवासाची आहे, आणि ती विकासकाच्या ताळेबंदात दिसत नसली तरी शहराच्या ताळेबंदात दिसते. म्हणूनच मिश्रणाचा जादा खर्च कोणी सोसायचा, हा केवळ दोन पक्षांतल्या कराराचा विषय राहत नाही. तो सार्वजनिक धोरणाचा विषय होतो.

केवळ कार्यालयांवर उभ्या राहिलेल्या व्यापारी केंद्राचे काय होते, हे लंडनच्या कॅनरी वॉर्फने दाखवले आहे. जुन्या गोदीच्या जागी १९९१ मध्ये तेथला मुख्य मनोरा पूर्ण झाला आणि पुढल्याच वर्षी त्याचा विकासक दिवाळखोरीत गेला. १९९९ मध्ये भुयारी रेल्वे पोहोचल्यावर तेथे बँकांची रीघ लागली. २०२३ मध्ये एचएसबीसीने तेथले आपले मुख्यालय सोडून जुन्या शहरात, सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या परिसरात परतण्याचा निर्णय जाहीर केला. आता तेथे घरे, शाळा, उद्याने यांची भर घातली जात आहे. तीस वर्षांनंतर केलेली ही दुरुस्ती श्रीमंत शहराला परवडली. आपल्याला ती परवडेल असे मानण्याचे कारण नाही.

आपल्याकडे एक धोका अधिक आहे. मिश्र वापर हा शब्द कागदावर पाळूनही त्याचा आशय सहज हरवू शकतो. खाली महागड्या वस्तूंचे मॉल, वर कोट्यवधींची घरे, आणि त्याच मनोऱ्यात रोज झाडलोट करणारी बाई, पहारेकरी, उपाहारगृहातला आचारी आणि सामान पोहोचवणारा तरुण हे सारे मात्र दीड-दोन तासांवरून येणारे. अशा इमारतीत वापर मिसळले, माणसे मिसळली नाहीत. हैदराबादमध्ये २००६ पासून चटई क्षेत्र निर्देशांकाची कमाल मर्यादाच नाही. रस्त्याची रुंदी आणि सोडायचे अंतर यांवर इमारतीची उंची ठरते. त्यामुळे तेथे भरपूर मजले उभे राहिले. पण मजले वाढू देण्याच्या बदल्यात शहराने काय मागितले, हा प्रश्न विचारलाच गेला नाही. मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलानेही संध्याकाळची रिकामी होत जाणारी वाट कित्येक वर्षे अनुभवली आहे.

तेव्हा शासनाने आणि विकास प्राधिकरणांनी काही साध्या अटी घालाव्यात. पहिली अट क्रमाची असावी. नव्या व्यापारी केंद्रात ठरावीक प्रमाणात घरे तयार झाल्याशिवाय कार्यालयांच्या पुढल्या टप्प्याला भोगवटा प्रमाणपत्र मिळू नये. दुसरी अट तळमजल्याची. रस्त्याकडची बाजू वाहनतळाच्या आंधळ्या भिंतीने झाकू नये. तेथे दुकाने, दवाखाना, पाळणाघर, वाचनालय यांची दारे थेट पदपथावर उघडावीत आणि त्या पदपथावर कुंपण ओलांडल्याशिवाय कोणालाही चालता यावे. तिसरी अट भाड्याच्या घरांची. वाढीव चटई क्षेत्राच्या मोबदल्यात त्याच केंद्रात काम करणाऱ्या अल्प वेतनाच्या माणसांसाठी लहान, भाड्याची घरे आणि नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृहे बांधून घ्यावीत. २०१७ च्या राष्ट्रीय पारगमन-केंद्रित विकास धोरणात मेट्रोजवळ परवडणाऱ्या घरांचा आग्रह आहेच. तो धोरणातून मंजुरीच्या अटींत उतरायला हवा.

पथविक्रेत्यांचा प्रश्न यातच येतो. २०१४ च्या कायद्याने प्रभाग वा शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेण्याचे सूत्र दिले. पण जेथे हजारो माणसे काम करतात आणि जवळजवळ कोणीच राहत नाही, तेथे लोकसंख्या कोणती धरायची? व्यापारी केंद्रात दिवसा येणाऱ्या माणसांची गणना करून विक्रीच्या जागा आराखड्यातच ठेवल्या, तर चहावाल्याला रोज हाकलण्याचा आणि रोज परत येण्याचा खेळ थांबेल. माणेक चौकाने एकाच जागेचे वेळापत्रक वाटून घेतले. तेच नव्या केंद्रांच्या मोकळ्या पटांगणांनाही करता येईल.

शेवटचा मुद्दा सत्तेचा आहे, आणि तो वास्तुशास्त्राइतकाच महत्त्वाचा आहे. मिश्र मनोऱ्यात मतभेद होणारच. दुकानाला पहाटे माल उतरवायचा असतो, रहिवाशाला झोप हवी असते. कार्यालयाला वाहनतळ हवा असतो, मुलांना खेळायला जागा. हे तंटे सोडवण्यासाठी इमारतीच्या पातळीवर सर्व प्रकारच्या धारकांना मत असलेली व्यवस्था लागते, आणि परिसराच्या पातळीवर निवडून आलेली संस्था. गिफ्ट सिटीचा कारभार स्वतंत्र नागरी विकास प्राधिकरणाकडे आहे. राज्यघटनेतील औद्योगिक नगरांच्या तरतुदीचा आधार घेऊन नोएडात निवडून आलेली नगरपालिकाच ठेवलेली नाही. वस्ती विरळ असताना प्राधिकरणाचा कारभार चपळ वाटतो. पण त्या मनोऱ्यांत लोक खरोखर राहू लागले, मुले शाळेत जाऊ लागली, म्हातारी माणसे पदपथावर फिरू लागली, की ती केवळ भाडेकरू वा खरेदीदार राहत नाहीत, नागरिक होतात. घरांची संख्या वाढवायची आणि मताचा अधिकार मात्र पुढे ढकलायचा, हे फार काळ चालणार नाही.

येत्या काळात देशात असे अनेक मनोरे उभे राहणार आहेत. त्यांची उद्घाटने होतील, उंचीचे विक्रम सांगितले जातील. त्यांची खरी परीक्षा मात्र रात्री दहा वाजता होईल. कामावरून सुटलेली परिचारिका वा सफाई कामगार स्त्री त्या रस्त्याने निर्धास्तपणे चालत घरी जाऊ शकते का, आणि ते घर त्याच रस्त्याच्या आसपास आहे का, हे तेव्हा पाहावे. माणेक चौकात त्या वेळी गाड्यांवरचे तवे तापलेले असतात. त्याच नदीच्या काठी, थोडे उत्तरेला, तशीच रात्रीची वर्दळ निर्माण करता आली, तर गिफ्ट सिटी शहर झाली असे म्हणता येईल.